किडनी फायब्रोसिसवर काम सुरू करताय?

किडनीतल्या व्रणांवर, म्हणजे फायब्रोसिसवर, पीएचडी करायला आलेली मुलं हल्ली आल्या आल्या सिंगल-सेल डेटाबद्दल, म्हणजे एकेका पेशीतली जनुकं मोजण्याबद्दल, बोलायला लागतात. त्यांना मी आधी मायक्रोस्कोपसमोर बसवते.

निरोगी उंदराच्या किडनीचा काप बघा. कॉर्टेक्समध्ये, म्हणजे बाहेरच्या थरात, नलिका इतक्या खेटून असतात की मधल्या जागेतले फायब्रोब्लास्ट (आधार देणाऱ्या ऊतीच्या पेशी) आणि केशवाहिन्यांना बिलगलेले पेरिसाइट शोधूनच काढावे लागतात. मग एका बाजूची मूत्रवाहिनी बांधल्यानंतरची, म्हणजे यूयूओची, सातव्या दिवसाची स्लाइड लावा. मधली जागा फुगलेली, पेशींनी गजबजलेली, आणि मॅसन ट्रायक्रोम या रंगवण्याच्या पद्धतीत कोलॅजेनचे, म्हणजे व्रणातल्या तंतुमय प्रथिनाचे, निळे पट्टे. चौदाव्या दिवसापर्यंत नलिका आक्रसायला लागलेल्या असतात. माणसाच्या बायोप्सी रिपोर्टमध्ये 'आयएफटीए' लिहिलेलं असतं ते हेच: नलिकांभोवती व्रण आणि नलिकांचा ऱ्हास.

हे कोलॅजेन ओतणाऱ्या मुख्य पेशी म्हणजे मायोफायब्रोब्लास्ट. त्या ओळखायला सगळे अल्फा-एसएमए हे आकुंचनाचं प्रथिन अँटिबॉडीने रंगवून बघतात, आणि नवख्यांची गडबड तिथेच होते. धमनीच्या भिंतीतले स्नायूही त्याच अँटिबॉडीने रंगतात. इमेज-जे या फोटो मोजायच्या सॉफ्टवेअरमध्ये 'पॉझिटिव्ह एरिया', म्हणजे रंगलेला भाग, काढताना धमन्या वगळल्या नाहीत, तर निरोगी किडनीतही फायब्रोसिस दिसू लागतो! आकडा मोजण्याआधी प्रत्येक फोटो डोळ्यांनी तपासा.

हे मायोफायब्रोब्लास्ट येतात कुठून, यावर बरीच वर्षं वाद चालला. २००२ मध्ये इवानो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की व्रणातले सुमारे एक तृतीयांश फायब्रोब्लास्ट नलिकांच्या पेशींपासून बनतात. २०१० मध्ये हम्फ्रीज यांच्या गटाने पेशींवर जनुकीय खूण करून माग काढला. नलिकांच्या पेशी काही मायोफायब्रोब्लास्ट होताना दिसल्या नाहीत, पेरिसाइट मात्र दिसले. फरक पडण्याचं एक कारण खुणेतच होतं: आधीच्या कामात फायब्रोब्लास्ट ओळखायला वापरलेला एफएसपी-१ हा मार्कर (ओळखीची खूण) मॅक्रोफेजसारख्या दाहक पेशींतही सापडतो. २०१५ मध्ये चित्र आणखी बदललं. नलिकांच्या पेशी अर्धवट बदलतात, जागा सोडत नाहीत, पण तिथूनच शेजारच्या फायब्रोब्लास्टना चिथावणारे संदेश पाठवतात. हे पेपर याच क्रमाने वाचा. एका मार्करवर किती विसंबायचं, हे कुठल्याही कोर्सपेक्षा त्यातून नीट कळतं.

मला स्वतःला या विषयात धरून ठेवलं ते एरिथ्रोपोएटिनने. रक्तपेशी बनवायला लावणारं हे संप्रेरक किडनीत याच फायब्रोब्लास्टसारख्या पेशी तयार करतात. त्या मायोफायब्रोब्लास्ट झाल्या की हे काम सोडून देतात. जुनाट किडनी विकाराच्या रुग्णाला ॲनिमिया होतो, त्यामागचं हे एक मोठं कारण. एकाच पेशीची बाजू पालटते आणि दोन दुखणी मागे लागतात.

पेशी डिशमध्ये वाढवणार असाल तर एक लक्षात ठेवा: टणक प्लास्टिक आणि सीरम मिळालं की फायब्रोब्लास्ट तुमच्या टीजीएफ-बीटाची (व्रण घडवायला लावणाऱ्या संदेश-प्रथिनाची) वाट न पाहता आपणहून मायोफायब्रोब्लास्ट व्हायला लागतात. म्हणून कंट्रोलमध्येही अल्फा-एसएमए दिसलं तर अँटिबॉडीला दोष देऊ नका. सुरुवातीच्या पॅसेजच्या, म्हणजे डिश फार वेळा न बदललेल्या, पेशी घ्या, टीजीएफ-बीटा देण्याआधी सीरम कमी करा, आणि शक्य असेल तर मऊ जेलवर वाढवून तुलना करा.

प्राण्यांवरच्या प्रयोगांचा एथिक्सचा अर्ज रुजू झाल्या झाल्या टाका. मंजुरी येईपर्यंत स्टेनिंग आणि आकडेवारीसाठी थोडी 'आर' ही प्रोग्रामिंग भाषा शिकून होते. जवळच्या हॉस्पिटलातल्या पॅथॉलॉजिस्टशी ओळख वाढवा. त्यांच्याबरोबर बायोप्सी बघितल्याशिवाय उंदीर आणि माणूस यातलं अंतर कळत नाही. रुग्णाची मूत्रवाहिनी कुणी दोरा घालून बांधलेली नसते, त्याला वर्षानुवर्षांचा मधुमेह असतो.

मुलाखतीत हमखास विचारतात, "टीजीएफ-बीटा अडवला की झालं ना?" मान डोलावू नका. मधुमेहाने किडनी बिघडलेल्या रुग्णांना टीजीएफ-बीटा-१ विरोधी अँटिबॉडी देऊन झाली आहे, आणि किडनीची घसरण थांबली नाही. टीजीएफ-बीटा दाह आवरण्याचंही काम करतो, हे पुढे जोडा. मग तुम्ही कोणती पेशी, कोणत्या टप्प्यावर अडवाल ते सांगा. पुढची चर्चा बहुतेक तिथूनच सुरू होते.