नव्या स्ट्रॅटेजी गेममध्ये पहिली काठिण्यपातळी कशी निवडावी

गेल्या दिवाळीच्या सुटीत माझा भाचा खारघरहून नौपाड्याला आमच्याकडे राहायला आला, तेव्हा त्याने 'सिव्हिलायझेशन ६' हा शहरे वसवून राज्य वाढवण्याचा गेम नुकताच घेतला होता. दुसरा एक गेम त्याने सर्वांत अवघड पातळीवर जिंकलेला असल्याने इथेही आठ पातळ्यांपैकी सर्वांत वरची 'डीइटी' ही पातळी त्याने क्षणाचाही विचार न करता निवडली. साठाव्या टर्नच्या, म्हणजे खेळातल्या पाळीच्या, आसपास त्याच्या तीन शहरांपैकी दोन शेजाऱ्याने घेतली होती. "मामा, मी चुकतोय कुठे? याच्याकडे एवढं सैन्य येतं कुठून?" असे त्याने मला विचारले. त्याच्या प्रश्नाचे खरे उत्तर त्याच्या खेळात नव्हतेच, ते त्याने सुरुवातीला निवडलेल्या पातळीत होते.

डीइटीवर संगणकाच्या प्रत्येक राज्याला सुरुवातीलाच 3 सेटलर (नवे शहर वसवणाऱ्या तुकड्या) मिळतात आणि आपल्याला 1 मिळतो, म्हणजे आपले पहिले शहर वसते त्याच सुमारास त्याची तीन शहरे उभी राहतात. त्याशिवाय त्याचे उत्पादन आणि सोने 80 टक्क्यांनी, तर विज्ञान आणि संस्कृती 32 टक्क्यांनी जास्त धरली जाते आणि लढाईत त्याच्या प्रत्येक तुकडीचे बळ 4 ने वाढवलेले असते. संगणक तिथे अधिक हुशारीने खेळतो असे मात्र नाही. त्याची विचार करण्याची रीत बहुतांशी तीच राहते, फक्त त्याच्या पदरात आधीच बरेच काही घातलेले असते. नवशिक्याने तिथे सुरुवात केली, तर शहर कुठे वसवावे आणि आधी काय बांधावे हे शिकण्याऐवजी मागे पडलेल्याने पुढच्याला कसे गाठावे एवढेच तो शिकतो. तेही एक कौशल्य आहे, पण ते नंतरचे आहे.

म्हणून पातळीच्या नावावर जाऊ नये. ती पातळी नेमके काय बदलते, हे आधी पाहावे. बहुतेक गेममध्ये पातळीवर कर्सर नेला की दोन-तीन ओळींचे वर्णन दिसते. ते वाचायला अर्धा मिनिट लागतो आणि पुढचे कित्येक तास वाचतात. त्या वर्णनात 'दोन्ही बाजूंना कोणतीही सवलत नाही' अशा अर्थाची पातळी कोणती, हे शोधावे. सिव्हिलायझेशनमध्ये ती 'प्रिन्स' आहे. तिच्या खालच्या तीन पातळ्यांवर माणसाला झुकते माप मिळते आणि वरच्या चारांवर संगणकाला. ज्याने अशा जातीचा एखादा गेम पूर्वी खेळला आहे त्याने प्रिन्सवर सुरुवात करावी. ज्याचा हा पहिलाच अनुभव आहे त्याने एक पायरी खाली, म्हणजे 'वॉरलॉर्ड'वर. सर्वांत खालच्या 'सेटलर' पातळीची शिफारस मी कोणालाच करत नाही, कारण तिथे चुकीची किंमत इतकी कमी असते की चूक झाल्याचे लक्षातच येत नाही.

प्रत्येक गेममध्ये पातळीचा अर्थ असाच असतो असे मात्र समजू नये. 'एज ऑफ एम्पायर्स २' चे उदाहरण बोलके आहे. 1999 च्या मूळ गेममध्ये सर्वांत अवघड पातळीवर संगणकाला जास्तीची साधनसामग्री फुकट मिळत असे. 2019 च्या 'डेफिनिटिव्ह एडिशन'मध्ये नवा संगणक-प्रतिस्पर्धी आला आणि तो 'एक्स्ट्रीम' पातळीवरसुद्धा अशा मदतीशिवाय खेळतो. अशा गेममध्ये वरच्या पातळीवर हरण्यातूनही थेट शिकता येते, कारण त्याने जे केले ते आपल्यालाही करता आले असते. डाव संपल्यावर त्याचे रेकॉर्डिंग पाहून दहाव्या मिनिटाला त्याच्याकडे किती गावकरी (साधनसामग्री गोळा करणारी माणसे) होते आणि आपल्याकडे किती, एवढे जरी मोजले तरी पराभवाचे कारण बहुधा सापडते. या गेममध्ये 'आर्ट ऑफ वॉर' नावाची सरावाची प्रकरणे दिलेली आहेत. सुरुवातीची अर्थव्यवस्था कशी उभारावी याचे प्रकरण आधी पुरे करावे, मग 'स्टँडर्ड' पातळीवर दोन डाव खेळावेत आणि ते जिंकता आले की 'मॉडरेट'कडे वळावे.

'एक्सकॉम २' या सैनिकांच्या छोट्या तुकडीच्या लढायांच्या गेममध्ये तिसराच प्रकार आहे. तिथे 'लेजंड' सोडून खालच्या पातळ्यांवर गेम आपल्या सैनिकांच्या नेमाला गुपचूप हातभार लावतो, त्यामुळे पडद्यावर दिसणाऱ्या टक्केवारीपेक्षा प्रत्यक्षात गोळी लागण्याची शक्यता काहीशी जास्त असते. नवख्या माणसाला 65 टक्क्यांचा नेम दोनदा चुकला की गेम फसवतो असे वाटते, म्हणून ही मदत ठेवलेली असावी असे माझे मत आहे. सुरुवातीला ती घ्यायला हरकत नाही, 'व्हेटरन' ही पातळी योग्यच आहे. परंतु ती मदत आहे हे ठाऊक असावे, नाहीतर वरच्या पातळीवर गेल्यावर जुन्या सवयीने पत्करलेला धोका अंगाशी येतो.

काही गेममध्ये खरी काठिण्यपातळी पातळ्यांच्या यादीत नसतेच. 'युरोपा युनिव्हर्सालिस ४' हा गेम 11 नोव्हेंबर 1444 या दिवसापासून सुरू होतो आणि त्यात शेकडो राज्ये आहेत. पातळी 'नॉर्मल' ठेवली तरी कोणते राज्य घेतले यावर सगळे अवलंबून राहते. मराठी खेळाडूचा हात साहजिकच बहमनी किंवा विजयनगरकडे जातो, आणि ती ओढ मला मनापासून समजते. परंतु बहमनी घेतले की दक्षिणेला विजयनगर आणि उत्तरेला माळवा, गुजरात अशी शत्रू होऊ शकणारी राज्ये पहिल्या दिवसापासून सीमेवर असतात. पहिला डाव ऑटोमन किंवा पोर्तुगाल घेऊन खेळावा: एकाचे सैन्य भक्कम आहे, दुसऱ्याची युरोपातली जमिनीवरची सीमा एकाच शेजाऱ्याला लागून आहे. दख्खनला दुसऱ्या डावात यावे, म्हणजे तिथे रमता येते.

पातळीइतकेच महत्त्व नकाशाच्या आकाराला आणि डावाच्या वेगाला आहे, आणि हे सहसा कोणी सांगत नाही. सिव्हिलायझेशनमध्ये 'स्टँडर्ड' वेगाचा डाव 500 टर्नपर्यंत चालू शकतो, 'ऑनलाइन' वेगाचा 250. ऐरोली-घणसोलीच्या कार्यालयातून ट्रान्स-हार्बरच्या लोकलने रात्री आठला ठाण्यात उतरणाऱ्या माणसाकडे जेवणानंतर जेमतेम दीड तास उरतो. त्याने मोठ्या नकाशावर डाव मांडला, तर शनिवारी काय ठरवले होते ते गुरुवारपर्यंत विसरायला होते आणि मग खेळ अवघड नसूनही अवघड वाटतो. त्याने लहान नकाशा आणि कमी प्रतिस्पर्धी घ्यावेत. पातळी मात्र तीच ठेवावी.

निवड केल्यावर तिची परीक्षा घ्यावी. पहिले दोन-तीन तास हा डाव जिंकण्यासाठी नाही, पातळी जोखण्यासाठी आहे असे आधीच ठरवून बसावे. तेवढ्या वेळात काही गमावले, तर ते का गमावले हे एका वाक्यात लिहून पाहावे. "सीमेवरच्या शहरात सैन्य ठेवले नाही" असे वाक्य लिहिता आले, तर पातळी योग्य आहे, मग डाव हरलात तरी बेहत्तर. असे वाक्य सुचत नसेल, सगळे एकदम कोसळल्यासारखे वाटत असेल, तर एक पातळी खाली यावे आणि नवा डाव मांडावा. जुना रेटत बसू नये. उलट, लागोपाठ वीस टर्न काहीच न ठरवता केवळ 'पुढची टर्न' दाबत गेलात, तर एक पातळी वर जावे. जिंकत असताना पातळी बदलणे अनेकांच्या जिवावर येते, पण कंटाळा हे पराभवाइतकेच स्पष्ट लक्षण आहे.

'आयर्नमॅन' हा पर्याय पहिल्या डावात बंदच ठेवावा. त्यात मागच्या सेव्हवर, म्हणजे आधी साठवून ठेवलेल्या स्थितीवर, परतता येत नाही, आणि शिकताना तीच सोय सर्वांत जास्त कामाची असते: एकच लढाई दोन प्रकारे खेळून पाहिली की कोणता निर्णय महत्त्वाचा होता ते कळते.

पातळी वाढवताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी. पातळीही वाढवली, नकाशाही मोठा घेतला आणि राज्यही नवे निवडले, तर हरल्यावर दोष कशाचा हे सांगता येत नाही. भाच्याने त्या सुटीत प्रिन्सवर दोन डाव खेळले, एक हरला आणि एक जिंकला. आता तो त्याच नकाशावर, तेच राज्य घेऊन 'किंग'वर खेळतो, जिथे संगणकाला उत्पादनात 20 टक्क्यांची आणि विज्ञानात 8 टक्क्यांची आघाडी असते. परवा त्याचा फोन आला होता तो सैन्य कुठून येते हे विचारायला नव्हे, तर चाळिसाव्या टर्नला चौथे शहर वसवावे की आधी तटबंदी बांधावी हे विचारायला. मी त्याला तटबंदी सांगितली.