सॅक भरताना नुसते किलोमीटर मोजताय? या चुका टाळा

‘तीनच तासांचा तर ट्रेक आहे, सामान कशाला?’ असं कुणी म्हणालं, की मी आधी विचारतो, टॉर्च घेतलीय का? बहुतेकदा उत्तर ‘मोबाइलची आहे ना’ असंच येतं. पण मोबाइल हातात धरावा लागतो, थंडीत त्याची बॅटरी भराभर उतरते आणि फोन करायलाही तोच लागणार असतो.

मुळात तीन तासांचा हिशेब तपासा. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये सांगितलेला ठोकताळा आजही वापरतात: साधारण ५ किलोमीटरला एक तास, शिवाय ६०० मीटर चढाला आणखी एक. म्हणजे १० किलोमीटर आणि ६०० मीटर चढ असेल तर तीन तास, तेही न थांबता आणि दमसास चांगला असेल तर. त्यात विश्रांती, फोटो, कुणाचा तरी दुखरा गुडघा धरा, म्हणजे अंधार पडू शकतो. म्हणून अर्ध्या दिवसाच्या ट्रेकलाही हेडटॉर्च, पाऊस-वाऱ्यापासून वाचवणारं जाकीट आणि प्रथमोपचाराचं सामान हवंच.

मुक्कामी ट्रेकला नेमकी उलटी चूक होते. जितके दिवस, तितके कपडे! खरं तर दोन रात्री आणि पाच रात्री यांत तंबू, स्लीपिंग बॅग, मॅट तेच. वाढतं ते खाणं आणि इंधन. चालायचा एक जोड, झोपायला कोरडा एक आणि जादा मोजे एवढ्यात भागतं. सुती कपडे मात्र नकोत. घामाने भिजले की लवकर वाळत नाहीत आणि थांबल्यावर हुडहुडी भरते.

पाण्याचं वजन लोक विसरतात. एक लिटर म्हणजे एक किलो. तासाला सुमारे अर्धा लिटर धरा, उन्हात जास्त. वाटेत खात्रीचं पाणी असेल तर सगळं पाठीवर वाहू नका, शुद्ध करायची सोय बरोबर ठेवा.

खांदे भरून येतात? कमरेचा पट्टा बहुधा पोटावर आलाय. तो कमरेच्या हाडावर घट्ट करा, मग खांद्याचे पट्टे ओढा. सॅक मागे खेचतेय? जड वस्तू पाठीलगत, मध्यावर घ्या. वरून कव्हर घालूनही कपडे भिजतात, कारण पाठीकडची बाजू उघडीच राहते. सॅकच्या आत एक मोठी प्लॅस्टिकची पिशवी घाला आणि सामान तिच्यात भरा.

परतल्यावर न वापरलेल्या वस्तू बाजूला काढा. पुढच्या वेळी त्या घरीच राहू द्या, टॉर्च, जाकीट आणि प्रथमोपचाराचं सामान सोडून.