जुनी आरएक्स १०० घरी रंगवताना: खोलण्यापासून लॅकरपर्यंत

यामाहा आरएक्स १०० ही मोटारसायकल आपल्याकडे १९८५ साली आली आणि १९९६ साली तिचं उत्पादन बंद झालं. त्यामुळे आज पार्किंगच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली उभी असलेली कुठलीही आरएक्स पंचविशी ओलांडून गेलेली असते. रंग उडालेला, टाकीच्या तळाशी गंज, सीट फाटलेली. पण ९८ सीसीचं ते टू-स्ट्रोक इंजिन बहुतेक वेळा पुन्हा चालू व्हायला तयार असतं. अशी गाडी घाईत रंगवून घेतली तर दोन दिवसांत चकाचक दिसते आणि पुढच्या पावसाळ्यात टाकीच्या कडेला फुगे धरतात. रंग चांगलाच असतो, खालचा गंज पुरता निघालेला नसतो. घरी काम करण्याचा मोठा फायदा हाच, की पत्र्याला लागेल तेवढा वेळ देता येतो.

आधी आरसी बघा

खाजगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण. त्यासाठी फॉर्म २५ भरून गाडी आरटीओत दाखवावी लागते आणि तिथे चेसिस नंबर वाचला जातो. हा नंबर हँडलच्या मानेपाशी ठोकलेला असतो, इंजिन नंबर क्रँककेसवर. या दोन्ही जागांवर ग्राइंडर, सँडब्लास्टिंग किंवा लांबी (पोचे भरायची पुटी) अजिबात नको. कामाला हात घालण्याआधीच त्यांवर जाड टेप लावा. शेवटी रंगाचा एक पातळ हात पुरे.

आरसीवर गाडीचा रंगही लिहिलेला असतो. रंग बदलायचा असेल तर तशी नोंद आरटीओत करून घ्या. माझं मत विचाराल तर मूळ रंगच ठेवा. टाकीखालचा, सीटखालचा, उन्हाने न उडालेला पत्रा रंगाच्या दुकानात दाखवला की तोच रंग मिसळून मिळतो.

खोलताना

एकेक भाग सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, विशेषतः वायरिंगचे आणि केबल कुठून कशा वळल्यात त्याचे. प्रत्येक भागाचे नट-बोल्ट वेगळ्या पिशवीत, पिशवीवर चिठ्ठी.

इंजिन कव्हरच्या स्क्रूंना साध्या फुलीच्या स्क्रू ड्रायव्हरने हात लावू नका. या जपानी स्क्रूंच्या फुलीचा आकार थोडा वेगळा असतो. साधा ड्रायव्हर घसरतो आणि फुली गोल होते. आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा आणि हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरा. बोल्ट फिरत नसेल तर थांबा, पुन्हा स्प्रे मारा.

जुने भाग लगेच भंगारात टाकू नका. मूळ पत्रा बाजारात मिळणाऱ्या नकली पत्र्यापेक्षा जवळजवळ नेहमीच जाड आणि नीट बसणारा असतो. काही हरवलंच असेल तर पुण्यात नाना पेठेतली स्पेअर पार्टची दुकानं आणि बुधवार-रविवारचा जुना बाजार, दोन्ही पालथे घालण्यासारखे आहेत.

टाकी आतून

बाहेरून रंगवण्याआधी टाकी आतून साफ झाली पाहिजे, नाहीतर नव्या रंगावर व्हिनेगर आणि पेट्रोल सांडतं. सगळं पेट्रोल काढा, टाकीखालचा पेट्रोलचा कॉक सोडवा, झाकण उघडं ठेवून टाकी मोकळ्या हवेत राहू द्या. रिकाम्या टाकीतही पेट्रोलची वाफ असते आणि ती पेट घेते. म्हणून टाकीवर घरी वेल्डिंग किंवा ग्राइंडर कधीही नाही, आणि आजूबाजूला विडी-काडीही नाही.

कॉकचं भोक बंद करून टाकी पांढऱ्या व्हिनेगरने काठोकाठ भरा, एक दिवस ठेवा. मग अर्धं व्हिनेगर काढून मूठभर नट मोजून आत टाका आणि टाकी हलवा. मोजून अशासाठी, की तेवढेच बाहेर आले पाहिजेत. गंजाचं तांबडं पाणी येणं थांबलं की खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने धुवा, साध्या पाण्याने धुवा आणि लगेच कडक उन्हात वाळवा. ओला उघडा पत्रा तासाभरात पुन्हा तांबूस होतो. वाळल्यावर आत थोडं टू-टी तेल (टू-स्ट्रोक इंजिनचं तेल) फिरवून ठेवा.

पत्रा

आता खरं काम. जुना रंग रिमूव्हरने सोडवा किंवा ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून पेपर ओला ठेवा, मास्क लावा आणि लहान मुलांना लांब ठेवा. जिथे गंजाचे खड्डे आहेत तिथे तारेचा ब्रश मारून पत्रा पांढरा दिसेपर्यंत घासा. काळे ठिपके राहिले तर गंज उतरवणारं द्रावण लावा, धुवा, वाळवा.

उघडा पत्रा थिनरच्या स्वच्छ फडक्याने पुसा आणि त्यानंतर उघड्या बोटांनी शिवू नका. हाताच्या घामाचा आणि तेलाचा डाग पुढे रंगातून वर येतो. त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमरचा हात द्या. रेड ऑक्साइडही चालतं, पण टाकीसाठी इपॉक्सीच घ्या.

पोचे भरायला हार्डनर मिसळायची लांबी. सुपारीएवढ्या गोळीत हार्डनर अगदी चिमूटभर. जास्त झाला तर लांबीला तडे जातात आणि डाग वर येतो. एका वेळी पातळ थर आणि एकूण जाडी दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त नाही. खोल पोचा आधी डेंटरकडून उचलून घ्या. घासताना पेपर बोटांवर न धरता रबरी ठोकळ्यावर धरा, कारण बोटांमुळे पन्हळी पडतात. शेवटी डोळे मिटून तळवा फिरवा. डोळ्यांना न दिसणारा उंचवटा तळव्याला कळतो.

वर सरफेसर (बारीक ओरखडे भरणारा प्रायमरचा थर), त्यावर काळ्या स्प्रेचा लांबून विरळ फवारा, मग ६०० नंबरच्या वॉटर पेपरने पाणी घालून घासा. काळा ठिपका जिथे उरतो तिथे अजून खड्डा आहे. तो भरा आणि पुन्हा घासा. कंटाळा इथेच येतो, आणि गाडी कशी दिसणार हेही इथेच ठरतं.

चेसिसला पावडर कोटिंग टिकाऊ पडतं, पण भट्टीचं तापमान २०० अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. आधी रबर, प्लॅस्टिक, बेअरिंग सगळं काढा आणि आटे व मानेतल्या वाट्यांच्या जागा झाकायला सांगा.

रंगाचा हात

दिवाळीनंतर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात, त्यातही कोकणात आणि गोव्यात, दमट हवेमुळे रंगावर पांढुरकी झाक येते. जमिनीवर पाणी शिंपडून धूळ बसवा आणि पंखा बंद ठेवा.

स्प्रे गन पंधरा-वीस सेंटिमीटरवर, पत्र्याला समांतर. फवारा पत्र्याच्या बाहेर सुरू करा, बाहेरच थांबवा, आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढू द्या. पहिला हात इतका विरळ असावा की खालचा प्रायमर दिसला पाहिजे. दोन हातांमध्ये दहा-पंधरा मिनिटं. ओघळ आला तर बोट लावू नका. पूर्ण वाळल्यावर पेपरने काढा.

स्टीकर रंगावर लावा आणि मग लॅकर, म्हणजे वरचा पारदर्शक चकाकीचा थर, मारा. त्यामुळे कडा उचलल्या जात नाहीत. साध्या स्प्रे कॅनचं लॅकर टाकीवर उपयोगाचं नाही, पेट्रोलचा थेंब पडला की ते विरघळतं. टाकीला हार्डनरवालं टू-के लॅकरच हवं. पण त्यात आयसोसायनेट असतं, ते फुप्फुसाला घातक आहे आणि त्याच्यापुढे कापडी किंवा सर्जिकल मास्क काहीच कामाचा नाही. म्हणून माझा आग्रह आहे की बेस रंगापर्यंत सगळं घरी करा आणि लॅकरचे दोन हात बूथ असलेल्या पेंटरकडून मारून घ्या. तयारी तुमची असल्याने निकाल तुमच्या कष्टांचाच असतो.

जोडणी

लॅकरला निदान आठवडा द्या, मग १५०० आणि २००० नंबरच्या पेपरनंतर बफिंग. टाकीखालचे रबर नवे घाला. जुने कडक रबर नवा रंग खरवडतात.

आरएक्समध्ये टू-टी तेल पेट्रोलमध्ये न मिसळता पंपातून वेगळं इंजिनात जातं. तेलाची नळी सोडवली असेल तर तिच्यात हवा अडकते, इंजिनला तेल मिळत नाही आणि पिस्टन जाम होतो. पंपाचा हवा काढायचा स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत तेल वाहू द्या. पंप नीट चालतोय अशी खात्री होईपर्यंत लिटरमागे २० मिली टू-टी तेल पेट्रोलमध्येही घाला. पहिल्या फेरीनंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळा, आणि महिनाभर टाकीवर वॅक्स लावू नका.