जहाज धक्क्याला बांधायचा दोर: या चुका टाळा

सुट्टीला कोल्हापुरात आलो की उसाच्या हंगामात चुलतभाऊ हमखास म्हणतो, "दादा, जहाजावरचा जुना सोल आण की. ट्रॉलीला लई भारी होईल."

सोल म्हणजे जाड दोर, आणि जाड ते मजबूत, असं त्याला वाटतं. बोटीवर नव्याने येणाऱ्या पोरांचीही पहिली चूक हीच. त्याच जाडीचा नायलॉन पॉलिप्रॉपिलीनपेक्षा बराच जास्त ताण सोसतो, फक्त भिजल्यावर त्याची ताकद थोडी उतरते. म्हणून जाडी बघू नका, प्रमाणपत्रावर दोर किती भाराला तुटतो ते बघा. आणि ताण त्याच्या निम्म्याच्या आत ठेवा.

एकाच दिशेला दोन जातींचे दोर लावणं ही दुसरी चूक. न ताणणारा दोर सगळा भार घेतो, ताणणारा नुसता सोबतीला. जोडीतला एक बैल ओढतोय आणि दुसरा चालतोय, तसं. मग ओढणाराच आधी तुटतो.

दोर कुरकुरला की बाजूला होऊ, हा भ्रम सगळ्यात वाईट. सिंथेटिक दोर बहुतेकदा कसलाही आवाज न देता तुटतो. ताणलेल्या नायलॉनमध्ये साठलेली ताकद एका क्षणात मोकळी होते आणि तुटकं टोक चाबकासारखं मागे येतं. पूर्वी डेकवर धोक्याचे पट्टे रंगवत. पण रोलरला वळसा घातलेला दोर कुठे उसळेल याचा नेम नसतो, त्यामुळे पट्ट्याबाहेरचा माणूसही बेसावध राहून मार खायचा. आता मुरिंगची, म्हणजे जहाज बांधायच्या कामाची, अख्खी जागाच धोक्याची धरतात. आमचा सारंग, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, तर वेटोळ्यात पाय दिसला की आधी शिवी देतो, मग कारण सांगतो.

विंचच्या (दोर ओढायच्या यंत्राच्या) ड्रमवर दोर घसरत असेल तर लगेच थांबा. घसरलेली जागा वितळून काचेसारखी चकाकते आणि कडक होते. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या दोराचे पदर उकलून बघा. आत पावडर सापडली तर तो आतून झिजलाय. तुटक्या दोराला गाठ मारून भागवू नका, ताकद जवळपास निम्म्यावर येते. स्प्लाइसच करा, म्हणजे पदर एकमेकांत विणून जोडा. 1 जानेवारी 2024 पासून सोलास या जहाज-सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार मुरिंगच्या दोरांची तपासणी आणि तिची नोंद सक्तीची आहे.

बाद झालेला दोर आम्ही तुकडे करूनच उतरवतो, हे भावाला सांगितलं.

"मग तुकडाच आण," तो म्हणाला, "म्हशीला दावं होईल."