चांदीचे नॅनोकण दुधासारखे का झाले? पाल्याच्या काढ्यातून नॅनोकण करताना या चुका टाळा

"सर, हे दुधासारखं काऊन झालं?"

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टचे दिवस आले की आमच्या प्रयोगशाळेत हा प्रश्न हमखास येतो. पोरांनी कडुनिंबाचा पाला उकळलेला असतो, काढा गाळून सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात घातलेला असतो. चांदीचे नॅनोकण, म्हणजे साध्या डोळ्यांना न दिसणारे अतिसूक्ष्म कण, तयार झाले की येणाऱ्या पिवळसर-तपकिरी रंगाची वाट बघावी, तर बीकरमध्ये पांढरं गढूळ. उजेडात ठेवलं की त्यावर जांभळट-करडी झाक येते आणि कुणीतरी वहीत लिहून टाकतं, 'रंग बदलला, नॅनोकण तयार झाले.' झालेले नसतात. ते सिल्व्हर क्लोराइड असतं.

दोष पाल्याचा नसतो, पाण्याचा असतो. आमचं गाव खारपाणपट्ट्यातलं, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारं असलेल्या भागातलं. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलडाणा या तिन्ही जिल्ह्यांत हा पट्टा पसरलाय आणि इथल्या बोअरच्या पाण्यात क्लोराइड भरपूर. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे २५० मिलिग्रॅम क्लोराइड भारतीय मानकाला चालतं. आपल्या द्रावणात मात्र लिटरमागे १० मिलिग्रॅमही गढूळपणा आणायला पुरतं, कारण चांदीचा आयन, म्हणजे विद्युतभार असलेला अणू, क्लोराइड दिसताच त्याला धरून खाली बसतो. काढ्याशी बोलायला तो शिल्लकच राहत नाही.

म्हणून पहिली सवय ही लावा: काढा करण्याआधी परीक्षानळीत ते पाणी घ्या, त्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन-तीन थेंब टाका आणि नळी काळ्या कागदासमोर धरा. किंचितही धुरकट दिसलं तर ते पाणी बाद. गावातल्या आरओ केंद्राचा कॅन म्हणजे डिस्टिल्ड वॉटर नव्हे. बॅटरीत टाकायच्या पाण्याची बाटली आणली तरी हीच चाचणी करा. पाला नळाखाली धुवायला हरकत नाही, पण शेवटचे दोन-तीन हात डिस्टिल्ड पाण्याचेच हवेत. काचसामान हायड्रोक्लोरिक ॲसिडने धुतलं असेल तर तेही पुन्हा खळखळून घ्या. क्लोराइड तिथूनही येतं, आणि कोणाच्या लक्षात येत नाही.

एवढं करूनही खाऱ्या जमिनीतल्या झाडाच्या पाल्यात थोडं क्लोराइड असतंच. एक्स-रे डिफ्रॅक्शनच्या, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिक ओळखायच्या चाचणीच्या, आलेखात ३८ अंशांजवळ चांदीचं शिखर यायला हवं. २७.८, ३२.२ आणि ४६.२ अंशांजवळही शिखरं दिसली तर ती सिल्व्हर क्लोराइडची. ती लपवू नका, प्रबंधात तशीच लिहा.

वजनाचं थोडक्यात सांगतो. १०० मिलिलिटरमध्ये १ मिलिमोलर द्रावणासाठी १७ मिलिग्रॅम सिल्व्हर नायट्रेट लागतं. दोनच दशांश दाखवणाऱ्या काट्यावर ते तोलणं म्हणजे अंदाजपंचे. त्यापेक्षा १.७ ग्रॅम १०० मिलिलिटरमध्ये विरघळवून तपकिरी बाटलीत ठेवा आणि दरवेळी त्यातलं १ मिलिलिटर १०० पर्यंत पातळ करा. हातमोजे घाला, बोटांवरचे काळे डाग आठवडाभर जात नाहीत.

रंग आला म्हणजे कण आले असं नाही

पानांतली टॅनिन, फ्लेव्होनॉइड ही द्रव्यं चांदीच्या आयनांना इलेक्ट्रॉन देतात, आयनांची चांदी होते आणि त्याच द्रव्यांचं वेष्टन कणांभोवती बसून त्यांना एकमेकांना चिकटू देत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री यांच्या गटाने कडुनिंबाच्या काढ्यातून चांदी-सोन्याचे कण केल्याचं २००४ साली प्रसिद्ध केलं. आपल्याच अमरावती विद्यापीठातले महेंद्र राय आणि सहकाऱ्यांचा चांदीच्या नॅनोकणांच्या जंतुनाशक गुणांवरचा २००९ चा आढावा जगभर वाचला जातो. विषय आपल्या अंगणातला आहे, म्हणूनच तो निष्काळजीपणे केलेला मला बघवत नाही.

काढा नुसता उघडा ठेवला तरी हवेने काळवंडतो, कापलेल्या वांग्यासारखा. म्हणून दर प्रयोगात तीन बीकर हवेत: काढा आणि सिल्व्हर नायट्रेट, काढा आणि डिस्टिल्ड पाणी, नुसतं सिल्व्हर नायट्रेट. तिन्ही एकाच जागी, एकाच उजेडात. रंग फक्त पहिल्यातच आला तर पुढे बोलायचं. मग यूव्ही-व्हिजिबलवर, म्हणजे द्रावण कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषतं ते दाखवणाऱ्या यंत्रावर, बघा. चांदीच्या गोल कणांचं शिखर साधारण ४०० ते ४५० नॅनोमीटरमध्ये मिळतं. ते ५०० च्या पुढे पसरट ओघळलेलं असेल तर कणांचे गठ्ठे झालेत, बीकरच्या काचेवर आरशासारखा थर दिसला तरी तेच. बहुतेक वेळा काढा फार दाट झालेला असतो किंवा पीएच आम्लाकडे गेलेला असतो. वरुड-मोर्शीच्या संत्र्यांची साल वापरणाऱ्यांनी पीएच मोजल्याशिवाय पुढे जाऊच नये.

'रूम टेंपरेचरला केलं' हे वाक्य विदर्भात निरर्थक आहे. जानेवारीत सकाळी आमच्या खोलीत १८ अंश असतात, मे महिन्यात दुपारी ४२. एकाच काढ्याला एकदा दिवस लागतो आणि एकदा तासभर. थर्मामीटर लावा आणि आकडा लिहा. खिडकीतलं ऊनही प्रक्रिया पळवतं, तेव्हा बीकर कुठे ठेवलं होतं तेही लिहा. पाला कोणत्या महिन्यात, कोणत्या शिवारातून आणला ते नोंदवा, आणि झाड वनस्पतिशास्त्राच्या सरांना दाखवून घ्या. तरोटा (टाकळा) म्हणून भलतंच काही उकळलेलं मी पाहिलंय.

जंतू कशाने मेले?

हे कण जंतू मारतात, म्हणून औषधी आहेत, हा प्रोजेक्टमधला दावा इथेच कोसळतो. जंतू वाढवलेल्या पेट्रीडिशमध्ये, द्रावणात भिजवलेल्या चकतीभोवती जंतू नसलेलं स्वच्छ वलय दिसतं, मोबाइलवर फोटो निघतात, पोरांचे चेहरे फुलतात. पण द्रावणात उरलेले चांदीचे आयन स्वतःच जंतू मारतात. नॅनोकण धुऊन घेतले नसतील तर ते वलय सिल्व्हर नायट्रेटचं असू शकतं. धुण्यासाठी मिनिटाला १०,००० ते १२,००० फेऱ्यांचं सेंट्रिफ्यूज, म्हणजे गरगर फिरवून कण खाली बसवणारं यंत्र, लागतं. पॅथॉलॉजी लॅबमधल्या ४,००० फेऱ्यांच्या यंत्रात बारीक कण खाली बसत नाहीत आणि पोरं वरचं पाणीच कण समजून वापरतात. त्याच ताटलीत सिल्व्हर नायट्रेट, नुसता काढा, पाणी आणि एखादं अँटिबायोटिक, चारही हवेत. नॅनोकण आगरमध्ये, म्हणजे ताटलीतल्या जेलीत, नीट पसरत नाहीत, त्यामुळे वलय लहान म्हणजे परिणाम कमी, असाही निष्कर्ष काढू नका. शक्य असेल तर किमान किती मात्रेत जंतूंची वाढ थांबते ते ब्रॉथमध्ये, म्हणजे जंतू वाढवायच्या पातळ द्रवात, काढा. काम झाल्यावर ताटल्या १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय, म्हणजे दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक केल्याशिवाय, फेकू नका.

पाल्याचं आहे म्हणून बाधत नाही?

मागच्या वर्षी एक विद्यार्थी रिकामी बाटली घेऊन दारात उभा राहिला. "सर, मामाच्या बैलाचा खांदा जुवानं सोलला, थोडंसं देता का? पाल्याचंच तं हाये." मी दिलं नाही. पोरगं नाराज झालं, आणि त्याची तळमळ खरी होती. त्याला बसवून सांगितलं ते इथेही सांगतो. पाला फक्त चांदी तयार करायला वापरला, बाटलीत आहे ती चांदीच. जखमेवर बांधायच्या चांदीच्या ड्रेसिंगमधून किती चांदी सुटते ते मोजलेलं असतं, ती निर्जंतुक असतात, तपासून परवानगी मिळालेली असतात. आपल्या बाटलीत किती कण, किती आयन, काढ्यातली किती बुरशी, याचा हिशोबच नाही. भाजल्यावर लावायचं सिल्व्हर सल्फाडायझिनचं पांढरं मलम अनेकांनी पाहिलंय, तेही डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच लावतात.

पोटात घेणं तर त्याहून वाईट. चांदी दीर्घकाळ शरीरात गेली तर त्वचा निळसर-करडी होते आणि तो रंग पुन्हा जात नाही. चांदीची कलिलं (द्रवात तरंगणारे चांदीचे बारीक कण) असलेली, विनाचिठ्ठीची औषधं सुरक्षित आणि गुणकारी मानता येत नाहीत, असं अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९९ सालीच जाहीर केलं. 'घरगुती चांदीचं पाणी' विकणारा कुणी बाजाराच्या दिवशी दिसला तर घेऊ नका, आणि आपल्या प्रोजेक्टचा दाखला तर त्याला मुळीच देऊ नका.

बैलाला त्या दिवशी तालुक्याच्या पशुवैद्यकाकडे नेलं.

उरलेलं द्रावण मोरीत ओतायचं नाही, चांदी पाण्यातल्या जिवांना घातक असते. एका बरणीत साठवा. बरणी भरली की त्यात आपल्या बोअरचं खारं पाणी ओता आणि रात्रभर ठेवा. सुट्या आयनांचं क्लोराइड होतं, कणांचेही गठ्ठे होऊन ते खाली बसतात. वरचं पाणी नितळ होईपर्यंत पुन्हा मूठभर मीठ टाका, साका गाळून वाळवा, बाटलीवर तारीख लिहून कपाटात ठेवा.