एसएमपीएसची कार्यक्षमता आणि आवाज: खानदेशातल्या उन्हाळ्यात करायची चाचणी

एसएमपीएस म्हणजे घरातल्या एसी विजेचं कॉम्प्युटरला लागणाऱ्या डीसीत रूपांतर करणारा डबा. त्याच्या खोक्यावरचा '८० प्लस गोल्ड' हा शिक्का ११५ व्होल्टच्या चाचणीत २०, ५० आणि १०० टक्के लोडवर अनुक्रमे ८७, ९० आणि ८७ टक्के कार्यक्षमता मागतो. ती चाचणी साधारण २३ अंश तापमानात होते. भुसावळ-जळगावात मे महिन्यात बाहेर पारा ४५ च्या आसपास असतो आणि पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या खोलीत दुपारी ३८-४० अंश सहज भरतात. आपल्याकडे २३० व्होल्ट असल्याने कार्यक्षमता एक-दोन टक्के वरच मिळते. खरा फरक पडतो तो पंख्याच्या आवाजात. म्हणून कार्यक्षमता आणि आवाज एकाच बैठकीत, आपल्याच खोलीच्या तापमानात मोजा. वाया गेलेला प्रत्येक वॅट खोक्यात उष्णता होऊन बसतो आणि ती बाहेर काढायला पंखा पळतो.

सुरुवात सॉकेटच्या अर्थिंगपासून. मल्टिमीटर एसीवर ठेवून फेज ते न्यूट्रल आणि फेज ते अर्थ मोजा. दोन्ही आकडे जवळपास सारखे हवेत. जुन्या घरांत अर्थचं भोक नुसतं शोभेला असतं. तसं असेल तर फिल्टरमधल्या कपॅसिटरमुळे एसएमपीएसच्या पत्र्यावर अर्धा व्होल्टेज तरंगतो आणि हाताला मुंग्या येतात. आधी वायरमन बोलवा, चाचणी नंतर. एसएमपीएस उघडायचा नाही. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३०० ते ४०० व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही वेळ टिकतात.

लोड कशाचा द्यायचा

कॉम्प्युटरच जोडून मोजलं तर डीसी बाजूला किती वॅट गेले ते कळत नाही, शिवाय ग्राफिक्स कार्डाच्या पंख्यात एसएमपीएसचा आवाज बुडतो. त्यापेक्षा ऑटो पार्ट्सच्या दुकानात मिळणारे १२ व्होल्ट, ६०/५५ वॅटचे एच-४ हेडलाइट बल्ब घ्या. स्वस्त आहेत आणि त्यांचा आवाज शून्य. एका फिलामेंटला साधारण ५ अँपिअर जातात. एका बल्बचं एकच फिलामेंट जोडा, दोन्ही एकदम लावलीत तर बल्ब फार तापतो. ५५० वॅटच्या एसएमपीएसला निम्मा लोड द्यायला चार बल्ब, प्रत्येकाला वेगळा स्विच, आणि ५ व्होल्टच्या लाल तारेवर १ ओमचा ५० वॅटचा ॲल्युमिनियम कवचाचा रेझिस्टर, हीटसिंकवर घट्ट बसवलेला. तो ५ अँपिअर घेतो. हा रेझिस्टर टाळू नका. जुन्या बांधणीच्या एसएमपीएसमध्ये फक्त १२ व्होल्टवर लोड पडला की १२ खाली बसतो आणि ५ वर चढतो. मग चांगला माल वाईट दिसतो.

दोन बल्ब प्रोसेसरच्या ८ पिनी कनेक्टरवर आणि दोन ग्राफिक्सच्या कनेक्टरवर वाटा. एसएमपीएसची स्वतःची केबल कापू नका, एक्स्टेन्शन केबल घेऊन ती कापा. मॉड्युलर, म्हणजे केबल सुट्या होणाऱ्या, एसएमपीएसच्या तारा बरेचदा सगळ्याच काळ्या असतात आणि या दोन कनेक्टरांत १२ व्होल्टची ओळ एकमेकांच्या उलट बाजूला असते, त्यामुळे जोडण्याआधी प्रत्येक पिन मीटरने तपासा. बल्ब फरशीवर, एसएमपीएसपासून लांब ठेवा. त्यांची गरम हवा पंख्यात शिरली तर चाचणी बिघडते.

चालू करायला २४ पिनी कनेक्टरची १६ नंबरची हिरवी तार शेजारच्या काळ्या तारेला जोडा. बल्ब एकेक करून लावा. थंड फिलामेंटचा रोध तापलेल्याच्या जेमतेम दहाव्या भागाइतका असतो. चारही एकदम लावले तर क्षणभर प्रचंड करंट ओढला जातो, एसएमपीएसचं संरक्षण जागं होतं आणि तो बंद पडतो. धडधाकट एसएमपीएस 'खराब' म्हणून परत जातो तो बरेचदा याच चुकीमुळे.

मोजणी

एसी बाजूला प्लगमध्ये बसणारं वॅट मीटर लावा. ते खरे वॅट दाखवणारं हवं. व्होल्ट गुणिले अँपिअर हा हिशोब इथे चालत नाही, कारण पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट) नसलेल्या स्वस्त एसएमपीएसचा पॉवर फॅक्टर, म्हणजे खरे वॅट भागिले व्होल्ट-अँपिअर, ०.६ च्या आसपास असू शकतो.

डीसी करंटसाठी डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर, म्हणजे तारेभोवती चिमट्यासारखा अडकवायचा मीटर, लागतो. वायरमनकडचा नेहमीचा क्लॅम्प बहुधा फक्त एसी दाखवतो. त्याहून बरा उपाय सोलरच्या सामानात मिळणारा ५० अँपिअर, ७५ मिलिव्होल्टचा शंट, म्हणजे करंट मोजायला वापरायचा अगदी कमी रोधाचा तुकडा. १२ व्होल्टच्या सगळ्या पिवळ्या तारा एकत्र करून शंटमधून बल्बांकडे न्या. शंटवर ३० मिलिव्होल्ट दिसले की २० अँपिअर. व्होल्टेज मात्र कनेक्टरजवळच मोजा. बल्बाजवळ मोजलंत तर तारेतली घट एसएमपीएसच्या माथी जाते.

हिशोब असा: १२.०२ गुणिले २० म्हणजे २४०.४ वॅट, ५.०३ गुणिले ५ म्हणजे २५.२. बेरीज २६५.६. एसी मीटर ३०४ दाखवतंय, तर कार्यक्षमता ८७.४ टक्के. दोन्ही मीटरांची चूक मिळून दोन-तीन टक्के होऊ शकते. त्यामुळे गोल्ड आणि त्याच्या वरच्या प्लॅटिनम शिक्क्यातला फरक या मांडणीत ठरवू नका. एकाच मांडणीवर दोन एसएमपीएसची तुलना केली तर ती भरवशाची.

प्रत्येक लोडवर २० ते ३० मिनिटं थांबा, मगच आकडे लिहा. सोबत पंख्यात शिरणाऱ्या हवेचं तापमानही लिहा. १२ व्होल्ट ११.४० ते १२.६० च्या आत आणि ५ व्होल्ट ४.७५ ते ५.२५ च्या आत राहायला हवेत. संध्याकाळी शेतीपंप सुरू झाले की रावेर-यावल-चोपड्याच्या गावांत व्होल्टेज उतरतं. तेव्हा एक फेरी पुन्हा करा. तोच लोड १८० व्होल्टवर जास्त करंट घेतो आणि कार्यक्षमता थोडी उतरते.

बिलात किती फरक? २०० वॅटच्या डीसी लोडला ८५ टक्क्यांचा एसएमपीएस २३५ वॅट ओढतो, ९० टक्क्यांचा २२२. रोज ८ तास धरले तर वर्षाला ३८ युनिट. पण आतली उष्णता ३५ वॅटवरून २२ वर येते, आणि उन्हाळ्यात खरी किंमत याची आहे. तापमान १० अंशांनी वाढलं की इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं.

आवाज

रात्री उशिरा, कुलर आणि छताचा पंखा बंद करून मोजा. फ्रिज लांब असू द्या. मोबाइलचं ॲप खरे डेसिबल सांगत नाही, पण तुलनेला पुरतं. मोबाइल पंख्यापासून २५ सेंटीमीटरवर, हवेच्या झोताबाहेर ठेवा. झोत माइकवर आला की आकडा खोटा. आधी एसएमपीएस बंद ठेवून खोलीचा आवाज घ्या. समजा तो ३४ आणि चालू केल्यावर ३८ आला, तर एसएमपीएसचा स्वतःचा सुमारे ३६. तोच १ मीटरवर अंदाजे १२ ने कमी. बंद-चालूमधला फरक ३ पेक्षा कमी असेल तर आकड्यावर विसंबू नका. फरक १० च्या वर गेला की खोलीचा आवाज विसरा.

कमी लोडवर पंखा बंद ठेवणारे एसएमपीएस २३ अंशांत ज्या लोडपर्यंत गप्प राहतात, त्याच्या बऱ्याच आधी ३८ अंशांत बोलू लागतात. पंखा कोणत्या वॅटला सुरू होतो ते नोंदवा. खरेदी करताना हाच आकडा उपयोगी पडतो.

आवाजाची जातही ओळखा. घूं असा आवाज हवेचा. खरखर बेअरिंगची, एसएमपीएस उभा-आडवा केल्यावर ती बदलली तर बेअरिंग गेलंच. बारीक चीं कॉइलची. एक बल्ब बंद करताच ती चढते, उतरते किंवा थांबते, पंख्याचा वेग मात्र तोच असतो. कॉइलच्या आवाजाने एसएमपीएस बिघडत नाही, पण साफसफाईने तो जातही नाही.

जिनिंगच्या आसपास जाळीवर कापसाची तूस बसते, इतरत्र काळ्या मातीची धूळ. ब्लोअर बाहेरूनच मारा आणि आधी पात्यांमध्ये लाकडी काडी अडकवून पंखा स्थिर करा. हवेच्या जोराने तो भलत्या वेगाने फिरला तर बेअरिंग खराब होतं. मग तोच लोड, तेवढीच मिनिटं, शक्यतो तेच तापमान ठेवून पुन्हा मोजा. वॅट फारसे हलणार नाहीत. धुळीमुळेच आवाज वाढला असेल तर डेसिबल उतरतील. नाही उतरले, तर पंखा बदलण्याचं काम दुरुस्तीवाल्याकडे द्या.