जठराच्या कर्करोगाची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया: धमनी नेहमीच्या जागी नसेल तर

पोट उघडून शस्त्रक्रिया करताना चुकार धमनीचे ठोके बोटांना लागतात. दुर्बिणीत ती सोय नाही, म्हणून धमन्या आदल्या दिवशीच सीटीवर शोधायच्या. कळवण-सुरगाण्याहून नाशिकला आलेल्या रुग्णाकडे नुसती फिल्मची पिशवी असेल, तर सेंटरमधून सीडी मागवा. आर्टेरियल (औषध धमन्यांत असतानाची) आणि पोर्टल (ते यकृताच्या शिरेत पोचल्यावरची) दोन्ही फेज हव्यात, काप १ मिमीचे. रिपोर्टवर विसंबू नका, त्यात बहुधा गाठीचंच वर्णन असतं. काप स्वतः वर-खाली फिरवून बघा.

पहिला प्रकार: यकृताची डावी धमनी जठराच्या डाव्या धमनीतून निघते. ती लेसर ओमेंटममधून (जठर आणि यकृत यांना जोडणाऱ्या पडद्यातून) जाते, आणि तिथला पातळ पडदा हार्मोनिकने (कंपनाच्या उष्णतेने कापणाऱ्या उपकरणाने) सरसकट कापला की तीही जाते. यकृताच्या डाव्या भागाला दुसरी धमनी आहे का, हे सीटीवर ठरवा. नसेल तर ही वाचवायचीच: जठराच्या डाव्या धमनीच्या मूळ खोडावरच्या ७ नंबरच्या लसिकागाठी सोलून काढा आणि यकृताची फांदी फुटल्यानंतरच जठराकडच्या भागावर क्लिप लावा. शंका असेल तर बुलडॉग क्लॅम्प (धमनी तात्पुरती बंद करणारा चिमटा) लावून काही मिनिटं यकृताचा रंग पाहा. त्याआधी यकृत उचलून धरणारा लिव्हर रिट्रॅक्टर सैल करा. त्याच्या दाबानेही डावा भाग काळवंडतो आणि निष्कर्ष चुकतो.

दुसरा प्रकार जास्त घातक. यकृताची मुख्य धमनी सुपीरिअर मेसेंटेरिक धमनीतून (आतड्याच्या मुख्य धमनीतून) निघून पोर्टल व्हेनच्या (यकृतात रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेच्या) मागून जाते. स्वादुपिंडाच्या वरच्या कडेला ८ए गाठी (यकृताच्या धमनीलगतच्या लसिकागाठी) काढताना सर्जन सवयीने धमनी शोधत खोल जातो, आणि तिच्या जागी थेट पोर्टल व्हेन लागते. इथे खोल जाऊ नका. ड्युओडेनम (लहान आतड्याची सुरुवात) कापल्यावर गॅस्ट्रोड्युओडेनल धमनी (यकृताच्या धमनीची खाली जाणारी फांदी) धरून खालून वर या. हार्मोनिकचं तापणारं पातं शिरेपासून लांब ठेवा.

शीर फाटलीच तर आंधळी क्लिप मारू नका. गॉज दाबून ५ मिनिटं थांबा. सक्शन बेताने वापरा, नाहीतर पोटातला गॅस निघून जातो, दिसेनासं होतं आणि रक्तस्राव वाढतो. छिद्र स्पष्ट दिसलं तर ५-० प्रोलीनचा (बारीक धाग्याचा) टाका, नाहीतर पोट उघडा. त्यात कमीपणा नाही.

जठराची डावी शीरही यकृताच्या किंवा प्लीहेच्या धमनीच्या कधी पुढून, कधी मागून जाते. तीही सीटीवर बघून ठेवा. यकृताची फांदी कापावी लागली असेल, तर पहिल्या आणि तिसऱ्या दिवशी एसजीओटी-एसजीपीटी (यकृताची इजा दाखवणाऱ्या रक्तचाचण्या) तपासा.